गेमिंगसाठी मध्यम श्रेणीचे ग्राफिक्स कार्ड निवडताना: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, बीड अशा ठिकाणांहून आलेल्या प्रश्नांतील पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत कार्डांच्या ज्या चाचण्या होतात त्यांत वीज, उन्हाळा आणि सर्व्हिस सेंटरचे अंतर या गोष्टी धरलेल्या नसतात. आपल्याकडे मात्र निवड बऱ्याचदा त्यांवरच ठरते, म्हणून त्यांना येथे अधिक जागा दिली आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मध्यम श्रेणीचे कार्ड म्हणजे नेमके कोणते?

या पानापुरते, साधारण २५,००० ते ४५,००० रुपयांत मिळणारे आणि १०८०पी किंवा १४४०पी (पडद्यावर १०८० किंवा १४४० आडव्या ओळींचे चित्र) मॉनिटरवर नवे गेम चांगल्या दर्जात चालवणारे कार्ड, असा अर्थ धरावा. सध्याच्या पिढीत त्यात एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० (मे २०२५) आणि आरटीएक्स ५०६० टीआय (एप्रिल २०२५), एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी (जून २०२५) आणि इंटेलचे आर्क बी५८० (डिसेंबर २०२४) ही कार्डे येतात. मागील पिढीतील आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० ही २०२३ मधील कार्डेही काही दुकानांत मिळतात. किंमत पुरेशी उतरलेली असेल तर ती घेण्यात कमीपणा नाही.

अमेरिकेत जाहीर झालेली डॉलरमधील किंमत रुपयांत करून दुकानदाराशी घासाघीस करणारे अनेक जण आहेत. तो हिशेब जुळत नाही, कारण ती किंमत करापूर्वीची असते आणि आपल्याकडे त्यावर आयातीचा खर्च, वितरकाचा नफा आणि १८ टक्के जीएसटी चढतो. तुलना करायचीच असेल तर भारतातील दोन-तीन दुकानांचे त्याच दिवसाचे भाव समोर ठेवून करावी.

२. मी फक्त व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. मला एवढे महाग कार्ड लागेल का?

बहुधा नाही. या गेमांत कार्डापेक्षा प्रोसेसर आणि मॉनिटर यांचा वाटा मोठा असतो. आपला मॉनिटर ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) असेल तर आधी १४४ किंवा १६५ हर्ट्झचा घ्यावा. त्याने पडणारा फरक डोळ्यांना पहिल्याच सामन्यात जाणवतो. उरलेल्या पैशांत आठ जीबीचे साधे कार्ड पुरेसे आहे.

३. आठ जीबी मेमरी पुरेल की सोळाच घ्यावी?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. कार्डावरील मेमरीत गेममधील भिंती, कपडे, झाडे यांची टेक्स्चर आणि चित्र तयार करण्याचे इतर साहित्य ठेवलेले असते. ती अपुरी पडली की कार्ड संगणकाच्या मुख्य रॅममधून माल आणू लागते आणि हा रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या तुलनेत फार अरुंद असतो. परिणाम असा की सरासरी एफपीएसचा (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम म्हणजे चित्रांचा) आकडा ठीक दिसतो, पण नवा भाग उघडताना किंवा कॅमेरा झटकन फिरवताना चित्र अडखळते. काही गेममध्ये अडखळण्याऐवजी टेक्स्चर धूसर राहतात आणि खेळणाऱ्याला वाटते की गेमच तसा आहे.

१०८०पी वर ई-स्पोर्ट्सचे गेम आणि दोन-तीन वर्षांपूर्वीचे बहुतेक गेम आठ जीबीत व्यवस्थित चालतात. गेल्या काही वर्षांतील मोठे गेम मात्र टेक्स्चर सर्वोच्च ठेवून, वर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खऱ्यासारखा हिशेब) आणि फ्रेम जनरेशन (प्रश्न ५) लावले की आठ जीबी ओलांडतात. शिवाय फ्रेम जनरेशनला स्वतःचीही मेमरी लागते. आपल्याकडे कार्ड दर दोन वर्षांनी बदलले जात नाही, घरात एकदा आले की चार-पाच वर्षे तेच चालते. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: पैशांची जुळवाजुळव होत असेल तर सोळा जीबीचे कार्ड घ्यावे, त्यासाठी महिना-दोन महिने थांबावे लागले तरी थांबावे. आरएक्स ९०६० एक्सटीची आठ जीबीची आवृत्ती अमेरिकेत २९९ डॉलरला आणि सोळा जीबीची ३४९ डॉलरला आली, म्हणजे दुप्पट मेमरीसाठी फरक ५० डॉलरचा होता. भारतातही हा फरक फार मोठा नसेल तर सोळाचीच निवड करावी. आरटीएक्स ५०६० टीआयची आठ जीबीची आवृत्ती मात्र टाळावी. तिच्यातील चिप चांगली ताकदवान आहे, पण मेमरीने तिचे हात बांधलेले आहेत.

घेताना एक काळजी आवश्यक आहे. दोन्ही आवृत्त्यांचे नाव एकच असते. खोक्यावर आणि बिलावर मॉडेलच्या नावाच्या शेवटी ‘८जी’ आहे की ‘१६जी’, हे पैसे देण्यापूर्वी स्वतः वाचावे. ‘सोळाचे कार्ड, भाव एकदम कमी’ असे कोणी फोनवर सांगत असेल तर ते बहुधा आठचे निघते.

आठ जीबीच परवडत असेल तर टेक्स्चर एक पायरी खाली ठेवावे, बाकी सेटिंग वर राहू द्यावीत. गेम सुरळीत चालेल.

४. एनव्हिडिया, एएमडी की इंटेल?

निव्वळ गेमिंगसाठी, त्याच किमतीत अधिक मेमरी देणारे कार्ड म्हणून आरएक्स ९०६० एक्सटी सोळा जीबी ही माझी पहिली पसंती आहे. परंतु आपल्या भागातील अनेक कार्डे इंजिनिअरिंग किंवा बीसीएस करणाऱ्या मुलांच्या टेबलावर जातात आणि घरात ‘अभ्यासासाठी’ म्हणूनच त्यांना मंजुरी मिळते. मशीन लर्निंगचे अभ्यासक्रम आणि बरेच संशोधनाचे सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीवर (कार्डाकडून गेमशिवायची गणिते करून घेण्याची व्यवस्था) उभे आहे, आणि ब्लेंडरमधील रेंडरिंगही एनव्हिडियाच्या कार्डांवर सहसा वेगवान चालते. ते खरोखर करायचे असेल तर थोडे अधिक पैसे देऊन आरटीएक्स ५०६० टीआय सोळा जीबी घेणे योग्य आहे, कारण तेथेही मेमरी कमी पडली की काम अडते. लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग हा जोडधंदा असेल तर तिन्ही कंपन्यांची सध्याची कार्डे एव्ही१ एन्कोडिंग (व्हिडिओ कमी जागेत साठवण्याची नवी पद्धत) करतात. आपण वापरत असलेल्या सॉफ्टवेअरला कोणते कार्ड अधिक मानवते, एवढे पाहावे.

इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये बारा जीबी मेमरी आहे आणि ते अमेरिकेत २४९ डॉलरला आले. त्याची अट वेगळी आहे. बोर्डात (मदरबोर्डमध्ये) रिसाइझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकाच वेळी वापरू देणारी) असावी आणि चालू करता यावी, नाहीतर कामगिरी बरीच घसरते. इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीचा कोअर किंवा रायझन ३००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर सांगते. रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर हे कार्ड बसवू नये. प्रोसेसर अटीत बसत असला तरी तो बेताचाच असेल तर बी५८० त्याच्यावर इतर कार्डांपेक्षा अधिक भार टाकते आणि काही गेममध्ये चाचण्यांत दिसलेले आकडे आपल्या घरी मिळत नाहीत.

५. डीएलएसएस आणि एफएसआर यांमुळे स्वस्त कार्डही महागासारखे चालते, हे खरे का?

अर्धे खरे आहे. डीएलएसएस (एनव्हिडिया), एफएसआर (एएमडी) आणि एक्सईएसएस (इंटेल) कमी रिझोल्यूशनवर चित्र तयार करून ते मोठे करतात, त्यामुळे वेग खरोखर वाढतो आणि अलीकडच्या आवृत्त्यांत चित्रही चांगले राहते. फ्रेम जनरेशनचे तसे नाही. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेल्या फ्रेम घालते. हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच गतीने राहतो, किंबहुना थोडा मंदावतो. मूळ वेग साठच्या आसपास असेल तर ही सोय उपयोगी पडते. तीस असेल तर आकडा वाढूनही खेळताना जडपणा जाणवतो. जाहिरातीतील उंच स्तंभ बहुतेकदा फ्रेम जनरेशन लावून काढलेले असतात, म्हणून दोन कार्डांची तुलना त्याविनाच करावी.

डीएलएसएसचे मल्टी फ्रेम जनरेशन आरटीएक्स ५० मालिकेवरच चालते, आणि एफएसआर ४ एएमडीने आरएक्स ९००० मालिकेसाठी आणले. जुने कार्ड घेताना हे लक्षात घ्यावे.

६. माझ्याकडे ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकातील वीजपुरवठ्याचा डबा) आहे. त्यावर नवे कार्ड चालेल का?

वॅटचा मोठा आकडा बाजूला ठेवून एसएमपीएसवर चिकटवलेला तक्ता वाचावा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून त्याला बारा या संख्येने गुणावे. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त ‘४५० वॅट’ एसएमपीएसवर तेथे १८ अँपिअर लिहिलेले असेल, तर प्रोसेसर आणि कार्ड या दोघांत मिळून वाटायला फक्त २१६ वॅट उरतात. आरटीएक्स ४०६० ११५ वॅट घेते, आरटीएक्स ५०६० १४५, आरएक्स ९०६० एक्सटी सोळा जीबी १६०, आरटीएक्स ५०६० टीआय १८० आणि आर्क बी५८० १९० वॅट. त्यात प्रोसेसर मिळवला की असा एसएमपीएस कोठे कमी पडतो हे कळते. नामांकित कंपनीचा ८० प्लस प्रमाणित ५५० वॅटचा एसएमपीएस आरटीएक्स ५०६० ला आणि ६०० ते ६५० वॅटचा वरच्या कार्डांना निर्धास्तपणे पुरतो.

दुसरी खूण म्हणजे वायर. बोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, बाकीची वीज सहा किंवा आठ पिनांच्या वेगळ्या वायरीने येते. आपल्या एसएमपीएसला ‘६+२’ पिनांची पीसीआय-ई वायर नसेल, तर हार्ड डिस्कच्या मोलेक्स वायरींना कन्व्हर्टर जोडून काम भागवण्याचा सल्ला काही दुकानांत मिळतो. तो मानू नये. बारीक वायर आणि सैल पिना १५० वॅटचा भार तासन्‌तास सोसत नाहीत, सांधा तापतो आणि प्लास्टिक वितळते. प्रोसेसरची ‘४+४’ पिनांची वायर दिसायला सारखी असली तरी तिची जोडणी वेगळी असते. ती जोर लावून कार्डात बसवू नये.

कार्डासाठी चाळीस हजार काढून ठेवले असतील तर त्यातले पाच-सहा हजार एसएमपीएसकडे वळवावेत आणि गरज पडल्यास कार्ड एक पायरी खालचे घ्यावे.

७. आमच्याकडे लाइट सारखी जाते. यूपीएस किंवा घरचा इन्व्हर्टर पुरेल का?

बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅट देतो. आरटीएक्स ५०६० असलेला संगणक गेम चालू असताना मॉनिटरसह ३०० वॅटच्या आसपास घेतो आणि क्षणभर त्याहून वरही उसळी मारतो. अशा क्षणी लाइट गेली तर यूपीएस शिट्टी वाजवून लगेच बंद पडतो. १,००० ते १,१०० व्हीएचा, व्होल्टेज सांभाळणारा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्यावा. तो गेम सेव्ह करून संगणक नीट बंद करण्यासाठी आहे, त्यावर सामना पूर्ण करण्याचा विचार करू नये.

घरच्या इन्व्हर्टरबाबत तो साइन वेव्हचा आहे की स्क्वेअर वेव्हचा हे आधी पाहावे. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारे सर्किट) असते आणि स्क्वेअर वेव्हवर असे एसएमपीएस गुरगुरतात किंवा थेट बंद होतात. मग दोष कार्डाचा समजून लोक ते दुकानात घेऊन जातात.

८. मे महिन्यात आमची पत्र्याची खोली भट्टीसारखी तापते. कार्ड टिकेल का? कूलर समोर ठेवला तर चालेल का?

पंख्यांचा वेग आणि भार तोच असेल तर खोलीचे तापमान जितके अंश वाढते, साधारण तितकेच अंश चिपचेही वाढते. २८ अंशांच्या खोलीत ६८ वर राहणारे कार्ड ४२ अंशांच्या खोलीत ८० पार करते. त्याने ते जळत नाही. मर्यादेजवळ येताच ते स्वतःचा वेग कमी करते, पंखे जोरात फिरतात आणि दुपारी गेम रात्रीपेक्षा मंद चालतो. शिवाय कार्डाने घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. म्हणून आपल्याकडे कमी वॅटचे कार्ड हा मोठा गुण आहे, आणि आरटीएक्स ४०६० अजूनही विचारात घ्यावेसे वाटते ते याच कारणाने.

समोरून जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे. समोर काच लावलेले कॅबिनेट दिसायला देखणे असले तरी हवा अडवते. कार्डाच्या ड्रायव्हरसोबत येणाऱ्या किंवा आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट (कार्ड जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा) उन्हाळ्यापुरती ८० टक्क्यांवर आणावी, कार्ड तेवढी मुभा देत नसेल तर ते देईल तितकी खाली. वेग थोडासाच कमी होतो, तापमान आणि आवाज मात्र चांगलेच उतरतात.

कूलरने खोली गार होते आणि त्याचा संगणकालाही फायदा होतो, परंतु कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. त्या हवेबरोबर पाण्याचे सूक्ष्म थेंब येतात. आपल्याकडे टाकीत बहुधा बोअरचे जड पाणी असते आणि थेंब वाळले की त्यातील क्षार मागे राहतात. दोन उन्हाळे कूलरसमोर काढलेले कार्ड उघडले तर पात्यांच्या कडांवर आणि हीटसिंकच्या पत्र्यांत पांढरट थर आणि त्यावर घट्ट बसलेली धूळ दिसते. ती ब्लोअरने निघत नाही. कूलर खिडकीत, संगणक बाजूच्या भिंतीला आणि हवा बाहेर जायला दार किंचित उघडे, ही मांडणी ठीक आहे.

धुळीसाठी मार्च ते जूनमध्ये महिन्यातून एकदा ब्लोअर मारावा. त्या वेळी कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण हवेच्या जोराने तो अतिवेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

९. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. नव्या कार्डाला धोका आहे का?

आहे, आणि आपल्यालाही आहे. एसएमपीएसच्या आत विजेतील खरखर गाळण्यासाठी असलेले लहान कपॅसिटर अगदी थोडा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्याकडे सोडतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज उभे राहते. प्रवाह अल्प असल्याने फक्त झिणझिण्या जाणवतात, पण एसएमपीएसमध्ये किंवा वायरिंगमध्ये मोठा बिघाड झाला तर वाचवणारी वाटच उरलेली नसते. अशा स्थितीत चालू संगणकाला टीव्हीची एचडीएमआय वायर जोडल्यास कार्डाचा पोर्ट जळू शकतो.

आधी सोपे दोष पाहावेत: दोन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड, प्लगची मोडलेली जाड पिन, सॉकेटमागे न जोडलेली हिरवी वायर. हे सर्व ठीक असूनही उन्हाळ्यात झिणझिण्या येत असतील आणि पावसाळ्यात जात असतील, तर दोष बहुधा अर्थिंगच्या खड्ड्यात आहे. माती कोरडी पडली की तिचा विरोध वाढतो, आणि मीठ-कोळसा भरलेला जुना खड्डा दुष्काळी वर्षात निकामी होतो. खड्ड्यात नियमित पाणी सोडावे आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. कार्ड त्यानंतरच बसवावे.

१०. वीजबिल किती वाढेल?

संगणक खेळताना ३०० वॅट घेतो असे धरल्यास रोज तीन तासांचे महिन्याला २७ युनिट होतात. महावितरणचे घरगुती दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर बदलतात. आपले बिल शंभरच्या काठावर असेल तर हे युनिट वरच्या दराने पडतात.

११. माझा बोर्ड पीसीआय-ई ३.० चा (कार्ड बसते त्या स्लॉटची जुनी पिढी) आहे. नवे कार्ड बसेल का?

बसेल आणि चालेल. अडचण वेगळी आहे. आरटीएक्स ५०६०, ५०६० टीआय, आर्क बी५८० आणि आरएक्स ७६०० यांना आठच लेन (बोर्डाशी माहितीची देवाणघेवाण करणारे मार्ग) आहेत. जुन्या बोर्डवर त्या आठ लेनचा वेग पीसीआय-ई ४.० च्या निम्मा होतो. मेमरी पुरेशी आहे तोवर फरक किरकोळ असतो, पण आठ जीबी भरली की तिसऱ्या प्रश्नात सांगितलेला अरुंद रस्ता आणखी अरुंद होतो. म्हणून जुना बोर्ड असेल तर सोळा जीबीचा आग्रह अधिक धरावा. आरएक्स ९०६० एक्सटीला सोळा लेन असल्याने ते अशा बोर्डवर उजवे ठरते.

बोर्ड बी५५० असूनही प्रोसेसर रायझन ५ ५६००जी किंवा ५५०० असेल तर कार्डाला पीसीआय-ई ३.० च मिळते, कारण मर्यादा प्रोसेसरची आहे. दुकानात हे क्वचितच सांगितले जाते.

१२. जुने कार्ड निम्म्या भावात मिळते आहे. घ्यावे का?

समोर चालवून दाखवले तर विचार करावा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डे सतत चालवून चलन मिळवणे) थांबल्यावर मायनिंगची असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. मायनिंगने चिप मरतेच असे नाही, पण पंखे, थर्मल पॅड आणि मेमरी यांनी पुष्कळ सोसलेले असते. निदान अर्धा तास जड गेम चालवून तापमान, पंख्याचा आवाज आणि पडद्यावरील ठिपके पाहावेत. जीपीयू-झी हे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर सोबत न्यावे. नाव बदलून विकलेली अनेक बनावट कार्डे ते ओळखते. आरएक्स ५८० म्हणून विकली जाणारी बरीच कार्डे ‘२०४८एसपी’ आवृत्तीची असतात. मूळ कार्डात २,३०४ स्ट्रीम प्रोसेसर आहेत, यांत २,०४८.

आज आरएक्स ५८० घेऊच नये, असेही सुचवतो. त्यात रे ट्रेसिंगचे हार्डवेअर नाही, आणि २०२५ मधील डूम: द डार्क एजेससारखे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. जुन्यात घ्यायचेच तर आरएक्स ६६०० (१३२ वॅट) किंवा आरटीएक्स ३०६० बारा जीबी (१७० वॅट), आणि तेही वॉरंटी शिल्लक असलेले.

१३. कार्ड ऑनलाइन घ्यावे की गावातल्या दुकानातून? वॉरंटीचे काय?

फरक एक-दीड हजारांचा असेल तर आपल्या शहरातील दुकान बरे. अनेक कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी देतात, पण सर्व्हिस सेंटर बहुतेकदा पुण्यात किंवा मुंबईत असते. कार्ड तिकडे कोण पाठवणार, कुरिअरचा खर्च कोणाचा, आणि बिलावर सीरियल नंबर लिहिणार का, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत. खोके आणि आतील फोम जपून ठेवावा. ऑनलाइन मागवले असेल तर सील न तोडता सीरियल नंबरपासून सलग व्हिडिओ काढावा.

दुरुस्तीसाठी गेलेले कार्ड परतायला कित्येकदा आठवडे लागतात. प्रोसेसर कोअर आय५ १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० असेल तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसते आणि तोवर संगणकावर काहीच दिसत नाही. परीक्षा, ऑनलाइन अर्ज आणि प्रोजेक्ट यांच्यासाठी तोच संगणक असेल तर हे परवडत नाही. नवा संगणक जुळवणाऱ्यांनी ‘एफ’ नसलेला १२४०० किंवा अंगचे ग्राफिक्स असलेला रायझन ५ ७६०० घ्यावा. सर्व्हिस सेंटरपासून दूर राहणाऱ्यांसाठी हा थोडा जास्तीचा खर्च सार्थ आहे.

१४. ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्तात घेतला आहे. त्यात कोणते कार्ड बसेल?

अशा संगणकांत एसएमपीएस बहुधा २०० ते ३०० वॅटचा आणि वेगळ्याच आकाराचा असतो, त्यामुळे तो बदलणे अवघड जाते. अरुंद कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड मावतही नाही. वेगळी वायर न लागणारे, ७० वॅटचे आरटीएक्स ३०५० सहा जीबी लो-प्रोफाइल स्वरूपात मिळते. अशा संगणकात याहून मोठ्या कार्डाचा विचार करू नये. कार्ड ‘सहा जीबी’चेच आहे याची खात्री करावी. आठ जीबीच्या ३०५० ला वेगळी वायर लागते आणि येथे ती नसते.

१५. कार्ड बसवले, तरी वेग पूर्वीइतकाच आहे. कार्ड खराब आहे का?

परत करण्याआधी मॉनिटरची वायर कार्डात लावली आहे का ते पाहावे. ती बोर्डाच्या मागच्या पोर्टमध्येच राहिलेली असण्याचे प्रमाण फार आहे. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वर अडकला आहे का, आणि रॅमची एकच पट्टी असल्याने सिंगल चॅनेल चालू आहे का, हे तपासावे. आठ-आठच्या दोन पट्ट्या सोळाच्या एका पट्टीपेक्षा बहुतेक गेममध्ये बऱ्या चालतात. गेम चालू असताना कार्डाचा वापर ५०-६० टक्के दिसत असेल तर कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहत आहे. अशा वेळी रिझोल्यूशन आणि टेक्स्चर वाढवून पाहावे. वेग तोच राहून चित्र सुधारले, तर कार्ड ठणठणीत आहे आणि पुढचा खर्च प्रोसेसरवर करायचा आहे.